नामदेवरायांचा ऐंशी वर्षांचा संसार

दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याच्या ग्रंथात चार शब्द लिहा असं मंडळी म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंत. कीर्तनात बोलतो तसंच लिहितो, गोड मानून घ्यावं.

कीर्तनात आपण नामदेवरायांच्या ठरलेल्या कथा सांगतो. देवाला नैवेद्य भरवला, गोरोबाकाकांनी थापटणं मारून कच्चं मडकं ठरवलं, मग विसोबा खेचरांना गुरू केलं. पण महाराज ऐंशी वर्षं जगले आणि संसारी माणूस म्हणून जगले, हे मागं पडतं. आज तेवढंच सांगायचंय.

शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा जन्म. बाप दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. बायको राजाई. पोरं चार : नारा, विठा, गोंदा, महादा. लेक लिंबाई. सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. शिवाय जनाबाई. असं भरलेलं खटलं.

१२९६ साली माऊलींनी आळंदीला समाधी घेतली. ती जागा नामदेवांच्या चारी पोरांनी झाडून काढली, असं समाधीच्या अभंगात येतं. आता हिशेब बघा. महाराज तेव्हा २६ वर्षांचे. त्या काळी लग्नं लहानपणीच व्हायची, तरी थोरलं पोर असून असून दहा-बारा वर्षांचं. धाकटं तर कडेवरून नुकतं उतरलेलं. सगळे संत रडत होते, अशा वेळी ह्या बापानं पोरांना संगं घेतलं आणि सेवेला लावलं. पोराला परमार्थ शिकवायचा तो असा. पुढं ह्या घरातल्या लेकरासुनांचे अभंग झाले, ते गाथ्यात आहेत.

आता राजाईचं गाऱ्हाणं. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, नवरा देवळात टाळ घेऊन उभा. ती थेट रखुमाईला सांगती, तुझ्या नवऱ्याला आवर, त्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलंय. लोक हसतात इथं. मला हसू येत नाही. बाई खरं बोलली. देव केशवशेट होऊन मोहरा घेऊन घरी आला, ही कथा गोड आहे. पण देवाला यावं लागलं, म्हणजे चूल थंड होती हेही खरंच की. ह्या घराचा मोठेपणा असा, की घरधनिणीचं गाऱ्हाणं झाकून ठेवलं नाही. देवाच्या अभंगाशेजारी तेही गाथ्यात बसलं.

महाराज माऊलींसंगं तीर्थयात्रेला गेले. पुढं पंजाबात घुमानला राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. एवढं फिरले, पण भगवं नेसून घर सोडलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. तेव्हा अडुसष्ट वर्षांचे महाराज स्वतः जाऊन त्यांच्या अस्थी घेऊन आले आणि महाद्वारी समाधी केली. आपलं कोण, हे त्यांनी जातीवरून ठरवलं नाही.

१३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, त्याच महाद्वारी महाराजांनी देह ठेवला. आपली परंपरा सांगती, सगळं घरच त्यांच्यासंगं पायरीत गेलं. लाडाई बाळंतपणाला गेलेली, ती तेवढी मागं राहिली आणि वंश चालला.

हे आज का सांगतो? मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली, की आपण पताका घेऊन निघतो. मागं दुबार पेरणी आली तर ती कोण करतं? खुरपणी, गुरांची वैरण, म्हाताऱ्यांचं दुखणं कोण बघतं? काही मायबहिणी डोईवर तुळस घेऊन संगं येतात, पण कितीकजणी घर धरून बसल्या. ह्या ग्रंथात विणेकऱ्यांची नावं छापलीत, ती छापायलाच पाहिजेत. पण शंभर वर्षं दिंडी चालली त्यात निम्मी वारी घरी राहिलेल्यांची आहे.

ज्याला घरच्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकू येत नाही, त्यानं गळ्यात माळ घालून मिरवू नये, असं माझं मत आहे. वारीहून आलं की प्रसाद आधी तिच्या हातावर द्यावा आणि मागं काय काय झालं ते बसून ऐकावं.

नामदेव पायरीवर आपण पाय देत नाही, हात लावून ओलांडतो. तिथं राजाईचंही नाव घ्या.