मोटारीच्या दोषनिदानाची संकेतभाषा

मोटारीच्या इंजिनातील बिघाड ओळखण्याची विद्या दीर्घकाळ इंद्रियांवर अवलंबून होती. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, प्लगवर जमलेली काजळी ह्यांवरून कुशल मिस्त्री दोषाचे अनुमान करीत असे. इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर ह्या विद्येला वाचनाचे स्वरूप प्राप्त झाले. हे स्थित्यंतर केवळ कारखानदारांच्या सोयीने घडले, असे समजणे मात्र चूक ठरेल. त्याचे एक प्रमुख मूळ कॅलिफोर्नियाच्या दूषित हवेत आहे.

लॉस एंजेलिसवर पसरणारे धुरके मोटारींच्या धुरातील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन निर्माण होते, हे आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत दाखवून दिले. पुढे १९६७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात हवेच्या शुद्धतेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. धुराचे नियम कडक होत गेले, तसे इंधन व हवा ह्यांचे प्रमाण सूक्ष्मपणे राखणे अपरिहार्य झाले. आणि हे काम संगणकावाचून होण्यासारखे नव्हते. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या मोटारींत असा संगणक आला. त्याच्या जोडणीतील दोन टोके तारेने जोडली असता समोरील दिवा लुकलुके. एक लुकलुक, किंचित विराम व पुन्हा दोन लुकलुकी, म्हणजे १२ हा अंक. मिस्त्रीने ते मोजावे व पुस्तकातून अर्थ काढावा, अशी ही पद्धत होती.

१९८८ पासूनच्या मोटारींनी स्वतःचे दोष स्वतःच नोंदवावेत, असा नियम कॅलिफोर्नियाने केला. परंतु प्रत्येक कारखान्याची जोडणी व परिभाषा निराळी राहिली. जणू एका बाजारपेठेत अनेक बोली नांदत होत्या. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या हलक्या मोटारींना १६ टोकांची एकच जोडणी व समान संकेत बंधनकारक झाले. ह्या संकेतांची रचना लक्षणीय आहे. ‘पी ०३०१’ ह्यातील ‘पी’ इंजिन व शक्तिवहन दर्शवितो, शून्य हा संकेत सर्वमान्य असल्याचे सांगतो, तीन ज्वलनाचा विभाग सुचवितो आणि शेवटचे अंक पहिल्या सिलिंडरातील ज्वलन चुकत असल्याचे कळवितात. शून्याच्या जागी एक आला, की संकेत कारखान्याचा खासगी ठरतो. प्रमाणभाषेच्या आत बोली अशी शिल्लक राहिली.

संकेत वाचता येणे म्हणजे निदान होणे नव्हे. ‘पी ०१७१’ एवढेच सांगतो, की मिश्रणात इंधन अपुरे आहे. त्याचे कारण फुटलेली नळी, दुर्बल झालेला इंधनपंप किंवा मळलेला हवामापक असू शकेल. चिन्ह लक्षण सांगते. कारण मिस्त्रीलाच शोधावे लागते.

ह्याच जोडणीतून पुढे वाचनाबरोबर लेखनही होऊ लागले. पूर्वी आज्ञावली बदलावयाची तर स्मृतीची चकती काढून दुसरी बसवावी लागे. आता उपकरणाद्वारे ती नव्याने लिहिता येते. साहजिकच हा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उपस्थित झाला. स्वतंत्र दुरुस्तीगृहांनाही निदानाची माहिती मिळावी, असा कायदा मॅसॅच्युसेट्सने २०१२ साली केला. भारतात भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून अशी स्वयंनिदान-व्यवस्था मोटारींत टप्प्याटप्प्याने आली. दुरुस्तीच्या विद्येतील हा पालट त्यामुळे येथील मिस्त्रीपर्यंतही पोहोचला.

लेखनाच्या सत्तेचा धोका २०१५ साली उघड झाला. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर नियमात ठेवीत असे. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेल्या ह्या मोटारी रस्त्यावर मर्यादेच्या अनेक पट नायट्रोजनची ऑक्साइडे सोडीत होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजण्याची साधने गाडीतच ठेवून रस्त्यावर मापन केले, तेव्हा ही विसंगती पुढे आली.

यंत्राचे स्वकथन ही एक साक्ष होय. जो ती लिहवितो, त्याचा हेतू तीत उतरू शकतो. म्हणून इतिहासकार बखरीला जसा अन्य पुरावा मागतो, तसा तो येथेही मागावा लागतो.