ट्रामने हलवलेलं चुंबक

पनवेलजवळच्या कोन गावापासून थोड्याच अंतरावर, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जगातल्या दीर्घतम नोंदींपैकी एक नोंद ही संस्था सांभाळते. त्या नोंदीच्या कुळात एक अनपेक्षित पूर्वज निघतो: मुंबईची विजेची ट्राम.

ही नोंद सुरू झाली मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत; वेधशाळा १८२६ची, तिथली चुंबकीय निरीक्षणं १८४१पासूनची. १८७४मध्ये आलेल्या घोड्यांच्या ट्रामचा त्यांना उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचा बेत ठरला तेव्हा मात्र धोका उघड झाला. रुळांतून परतणारा वीजप्रवाह काही अंशी जमिनीत झिरपतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजमापात मिसळतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत, मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड वर्ज्य होतं.

कुलाबा मात्र लगेच बंद झालं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चाललं, दोन जागांमधला फरक ठरला आणि जुनी मालिका नव्या जागी सांधली गेली.

नेमक्या १९०६मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम यांचा भौतिक सिद्धान्तावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपकरण कसं चालतं याचा सिद्धान्त गृहीत धरल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नव्या जागेचा आकडा नुसत्या सिद्धान्तावर न स्वीकारता जुन्याशी ताडणारी जुळ्या मोजमापाची ही दोन वर्षं म्हणजे द्युएम यांच्या मुद्द्याला दिलेलं कृतीतलं उत्तरच.

यावर आक्षेप तयार आहे. कुलाबा थांबल्यावर तो फरक तसाच राहिला, हे कोण तपासणार? तिथे पुन्हा सिद्धान्तच गृहीत धरावा लागतो. खरं आहे, पण ते गृहीतक हवेतलं नाही. क्षेत्राचे संथ बदल सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखालच्या द्रवरूप गाभ्यात जन्मतात. तिथून पाहता कुलाबा आणि अलिबाग जवळजवळ एकच जागा. शिवाय हा सिद्धान्त जगभरच्या इतर वेधशाळांतून स्वतंत्रपणे तपासता येतो.

खरा पेच १८५९चा आहे. त्या वर्षी २ सप्टेंबरला सौरवादळात कुलाब्यात क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी याच नोंदीवरून त्या सौरवादळाची तीव्रता मांडली; पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह प्रचंड वाढला, असं त्यांचं वाचन. प्रतिपक्ष म्हणतो, ताशी सरासरी काढली की घसरण जवळपास निम्मी भरते. आणि इतकी तीव्र, अल्पकाळची घट ध्रुवीय प्रदेशाकडून खाली सरकलेल्या प्रवाहांचीही असू शकते. नोंद तीच, तिचे अर्थ दोन. अल्पजीवीपणाचा मुद्दा प्रतिपक्षाचं पारडं जड करतो.

त्या दिवशी अलिबागला जोडीचं उपकरण नव्हतं. म्हणून संशोधक आता रशियातल्या जुन्या वेधशाळांच्या नोंदी आणि ध्रुवीय प्रकाश टिपणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा कुलाब्याच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचत आहेत.