प्लेगपासून कोरोनापर्यंत: कसब्याची साथ कोणाच्या तोंडून ऐकायची?

पुण्याच्या प्लेगचा विषय निघाला की दोन नावे हमखास येतात: रँड आणि चापेकर. कसबा पेठेसारख्या जुन्या वस्त्यांत गोरे सोल्जर घरोघर शिरले, सोवळ्याओवळ्याचा भंग झाला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे घडले. पण त्या साथीत आजाऱ्याला उचलणारे, त्याची घाण काढणारे, प्रेत वाहणारे लोक या गोष्टीत कुठे आहेत?

तारखा पाहा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. १३ मार्चला पुण्यात लष्करी घरझडती सुरू झाली. त्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. जोतीरावांच्या पश्चात, साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई डॉक्टर यशवंतांसोबत हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली, असे चरित्रकार सांगतात. पुढे यशवंतही प्लेगनेच गेले.

ज्या काळात महाराची सावलीही विटाळ मानली जाई, त्या काळात महाराचे लेकरू पाठीवर घेणे ही सेवा होतीच, शिवाय ते जातीविरुद्धचे बंडही होते. तरी पुण्याच्या प्लेगचा नायक कोण, असे विचारले तर उत्तर काय येते, हे आपण जाणतो.

हे आपोआप घडलेले नाही. रँडच्या समितीचे कामकाज सरकारी अहवालात आले. दामोदर चापेकरांनी तुरुंगात आपली हकीकत लिहिली. टिळकांच्या हाती ‘केसरी’ होता. सावित्रीबाईंचे काम सत्यशोधकांनी जपले म्हणून उरले. पण घरे धुऊन चुना मारणारे, प्रेते उचलणारे हात कोणाचे होते? जातिव्यवस्थेने ते काम कोणाच्या माथी मारले होते, हे वेगळे सांगायला हवे का? त्यांच्या हाती ना लेखणी होती, ना छापखाना. म्हणून त्यांची नावे गेली.

आता २०२० कडे या. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. तिथल्या एका परिचारिकेला पंतप्रधानांनी फोन केला, तो संवाद देशाने ऐकला. २९ मार्चला पुण्याच्या डॉक्टरांनी ‘मन की बात’मध्ये अनुभव सांगितला. त्यांचे कष्ट खरे होते आणि त्यांचा अनुभव ऐकला गेला, हे चांगलेच झाले.

पण एप्रिलमध्ये कसब्यासह मध्यवस्तीतल्या पेठा सील झाल्या, तेव्हा कचरा कोणी उचलला? वापरलेले मास्क कोणाच्या हाताला लागले? वॉर्डातली फरशी कोणी पुसली? शहरातल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांना फोन कोणी केला? घरोघर सर्वेक्षण करणाऱ्या आशाताईंना तर मानधनासाठी जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला.

काही जण म्हणतील, साथीत जात कशाला आणता? जात आम्ही आणत नाही. सफाईच्या हजेरीपटावर ती आधीपासून बसलेली आहे.

आणि हा केवळ आठवणींचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमाकवच जाहीर केले. पण दाव्याला कागद लागतो, संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ठेकेदाराने ज्याची नोंदच ठेवली नाही, त्याच्या घरच्यांनी कोणता कागद दाखवायचा? ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाही. बाबासाहेबांनी महाडचा लढा न्यायालयात कागदानिशी लढवला, ते उगाच नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, जयंतीच्या वर्गणीतून एक काम काढा. आपल्या वस्तीतल्या सफाई कामगाराकडे, आयाकडे, आशाताईकडे, स्मशानात राबलेल्या माणसाकडे जा. कुठे ड्युटी होती? हातमोजे मिळाले का? घरी मुलांपासून कसे दूर राहिलात? पगार वेळेवर झाला का? सोबतचे कोण गेले? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आवाज जपून ठेवा. नाव छापायचे की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या; नोकरी त्यांची आहे.

१८९७ च्या त्या हातांची नावे आता मिळणार नाहीत. २०२० ची माणसे मात्र आज आपल्याच गल्लीत राहतात.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!