पाणी ओतूनही उकळणारी मोटार

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये, पहिल्या सुमारे २,५०० गाड्या सोडल्या तर, पाणी फिरवणारा पंपच नव्हता! इंजिनात तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जाई. तेथे निवून जड झालेले पाणी खालच्या नळीने परत येई. चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण वर्गात दाखवतो तेच हे अभिसरण. आम्हाला मात्र मोटारीचे उदाहरण अधिक आवडते, कारण ते बिघडते.

पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटे. रेडिएटरमध्ये बरेच पाणी असूनही इंजिनातले उकळू लागे. पातळी ठीक असेल तर पंख्याचा पट्टा, तुंबलेल्या नळ्या, कमी तेल हे तपासायचे.

एवढे करूनही उकळणे थांबले नाही तर? ठिणगी केव्हा पडावी हे चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठरवी. ती फार उशिरा पडली की इंधनाच्या उष्णतेतून काम कमी निघे आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींना व धुराड्याला तापवी. अशा वेळी बादलीभर पाणी ओतणे व्यर्थ. डावीकडची दांडी खाली ओढायची, म्हणजे ठिणगी लवकर पडे.