दोनशे पौंडांचे पत्र

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी एक निरोप लिहून पुन्हा पुसून टाकलेला असतो. शिष्यवृत्ती संपलेली, घरभाडे थकलेले. ओळखीत पैसेवाला माणूस असतो, पण त्याच्यापुढे हात पसरायची लाज वाटते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर सप्टेंबर १९२१ मध्ये लंडनहून कोल्हापूरला गेलेले एक पत्र आठवा.

लिहिणारे होते तीस वर्षांचे भीमराव आंबेडकर आणि पत्र होते शाहू महाराजांना. वर्षभरापूर्वी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले होते. गाठीला होती थोडी शिल्लक, महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज.

घात केला तो रुपयाने. १९२० च्या सुरुवातीला सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स, ठरवला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये रुपया १६ पेन्सांच्या आसपास आला. हिशेब करून पाहा: २४ पेन्सांच्या भावाने २०० पौंडांना २,००० रुपये पडतात, १६ च्या भावाने ३,०००. मुंबईत जमवलेली पुंजी लंडनमध्ये पुरेना. आणि बाबासाहेबांच्या प्रबंधाचा विषयही रुपयाच होता! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पत्रात त्यांनी मागितले २०० पौंड: १०० बॅरिस्टरीच्या फीसाठी, १०० परतीच्या प्रवासासाठी. अडचण हुंडणावळीमुळे आली हे सांगितले आणि मायदेशी परतल्यावर रक्कम व्याजासह फेडण्याची हमी दिली. महाराजांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि सामाजिक लोकशाहीच्या चळवळीचे ते आधारस्तंभ आहेत, असेही लिहिले. १९२० च्या माणगाव परिषदेत दोघे एकत्र आले होते. त्यामुळे ही मागणी एका कार्यातल्या सहकाऱ्याची होती. तिच्यात लाचारी नाही. किती, कशासाठी आणि परतफेड कशी, हे सांगितल्यामुळे देणाऱ्यालाही विचार करणे सोपे जाते.

पुढे ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्याच वर्षी बाबासाहेब बॅरिस्टर झाले.

पुसलेला तो निरोप पुन्हा लिहायला घ्याल, तेव्हा माफीची चार वाक्ये कमी करा. आकडा, कारण आणि परतफेडीची तारीख मात्र जरूर लिहा.