कथासमीक्षेची परिभाषा

कथासमीक्षेची परिभाषा म्हणजे कथा या साहित्यप्रकाराचे घटक, रचना, निवेदन आणि परिणाम यांची चर्चा करण्यासाठी वापरला जाणारा पारिभाषिक शब्दसमूह होय. मराठीतील ही परिभाषा संस्कृत काव्यशास्त्र, पाश्चात्त्य समीक्षा आणि मराठी कथाकारांची स्वतःची चर्चा अशा तीन स्रोतांतून घडली आहे.

== नामाभिधान ==
हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रात आपल्या छोट्या कथांना 'स्फुट गोष्टी' म्हटले. पुढे 'लघुकथा' ही संज्ञा रूढ झाली आणि कालांतराने नुसता 'कथा' हा शब्द प्रचारात आला. हिंदीत या प्रकाराला 'कहानी' म्हणतात. तेथे 'लघुकथा' म्हणजे अतिशय छोटी, एखाद्या पानाची कथा. त्यामुळे दोन्ही भाषांतील समीक्षा वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा या शब्दाबाबत गोंधळ होण्याचा संभव असतो.

== घटकवाचक संज्ञा ==
* कथानक : घटनांची कार्यकारणभावाने केलेली जुळणी. 'पाऊस पडला नाही आणि सखारामने बैल विकले' हा केवळ घटनाक्रम झाला. 'पाऊस न पडल्याने कर्ज वाढले, म्हणून सखारामने बैल विकले' यात कथानकाचे बीज आहे. हा भेद इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कादंबरीच्या संदर्भात मांडला.
* आशयसूत्र : कथेतून व्यक्त होणारा मध्यवर्ती अर्थ. विषय आणि आशयसूत्र एक नव्हेत. वरील कथेचा विषय दुष्काळ असला, तरी तिचे आशयसूत्र मुक्या जनावराशी असलेल्या नात्याची किंमत हे असू शकते.
* पात्रचित्रण : पात्राची उक्ती, कृती, विचार व इतरांच्या प्रतिक्रिया यांतून घडणारे त्याचे दर्शन.
* वातावरण : स्थळ, काळ आणि त्यांतून निर्माण होणारी भाववृत्ती.
* संघर्ष : दोन व्यक्ती, व्यक्ती व समाज, व्यक्ती व निसर्ग किंवा एकाच मनातील दोन प्रेरणा यांच्यातील ताण.
* प्रतीक व प्रतिमा : प्रतिमा इंद्रियसंवेदना जागवते, प्रतीक स्वतःपलीकडील अर्थ सुचवते. संपूर्ण कथाच दुसऱ्या अर्थाच्या पातळीवर चालत असेल, तर तिला रूपककथा म्हणतात. मराठीत वि. स. खांडेकर यांनी हा प्रकार विशेष हाताळला.

== निवेदनविषयक संज्ञा ==
कथा सांगणारा तो निवेदक. निवेदन प्रथमपुरुषी किंवा तृतीयपुरुषी असते. सर्व पात्रांची मने जाणणाऱ्या निवेदकास 'सर्वसाक्षी' म्हणतात. पात्राच्या मनातील विचार व संवेदना सलग, अनेकदा विस्कळीत रूपात मांडणाऱ्या पद्धतीस 'संज्ञाप्रवाह' असे नाव आहे.

निवेदक आणि लेखक यांची गल्लत ही अभ्यासातील नेहमीची चूक होय. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत जात लपवून राहणारा नायकच निवेदक आहे. तिच्यातील 'मी' म्हणजे लेखकच असे गृहीत धरल्यास कथा केवळ खासगी हकीकत ठरते आणि तिची रचना, तिच्यातील ताण व समाजव्यवस्थेवरील आरोप यांकडे दुर्लक्ष होते.

== तंत्रवाद आणि नवकथा ==
अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये कथेच्या एकात्म परिणामावर भर दिला. मराठीत ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) व इतर लेखनातून तंत्राचा आग्रह धरला. आकर्षक आरंभ, गुंतागुंत, उत्कंठा, कलाटणी आणि परिणामकारक शेवट या संज्ञा त्या काळात अभ्यासात स्थिरावल्या.

१९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ही चौकट सैल केली. घटनेपेक्षा मनोव्यापाराला, कलाटणीपेक्षा अनुभवाच्या घाटाला महत्त्व आले. त्यामुळे 'अनुभवविश्व', 'घाट' आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचारातील 'लय' या संज्ञांचे कथाचर्चेतील स्थान वाढले. नवकथेला 'कथानक नाही' हा आक्षेप घेताना जुने माप नव्या वस्तूला लावले जात होते. पुढे ग्रामीण व दलित कथेमुळे बोलीभाषा हा केवळ निवेदनाचा अलंकार न राहता आशयाचाच भाग मानला जाऊ लागला.

== अभ्यासातील उपयोग ==
संज्ञांच्या व्याख्या पाठ करण्याने कथेचे आकलन होतेच असे नाही. प्रत्येक संज्ञा वाचलेल्या कथेतील विशिष्ट वाक्याशी किंवा प्रसंगाशी जोडून पाहणे उपयुक्त ठरते. 'उपरोध' (शब्दार्थाहून वेगळा किंवा उलट अर्थ सुचवणे), 'उपहास' (दोषाची थट्टा करणे) आणि 'विडंबन' (एखाद्या शैलीचे वा कृतीचे हास्यास्पद अनुकरण) यांसारख्या जवळच्या संज्ञा शेजारी ठेवून अभ्यासल्यास त्यांतील भेद स्पष्ट होतो. तसेच प्रत्येक कथेत सर्व घटक सारख्याच प्रमाणात आढळतील अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

== हे सुद्धा पहा ==
* मराठी कथा
* नवकथा
* दलित साहित्य
* ग्रामीण साहित्य