गॅलिलिओची तुळई आणि आमचा छज्जा

मी कवी माणूस. सोलापुरात मागावाल्यांच्या गल्लीत वाढलो, मराठी घेऊन बी.ए. झालो. गणिताशी माझं बोलणं दहावीनंतर बंद झालं. अशा माणसानं तुळईच्या शास्त्राचा इतिहास सांगायला बसावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मला हा विषय शाळेनं शिकवला नाही, आमच्या दारावरच्या छज्ज्यानं शिकवला.

१९८९ सालची गोष्ट. अब्बा यंत्रमागावर चादरी विणायचे. वीस वर्षं पैसे साठवून त्यांनी पत्र्याच्या जागी दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचं ठरवलं. पुढच्या दारावर चार फुटांचा छज्जा काढायचा, म्हणजे अम्मीला पावसात दारात बसून तांदूळ निवडता येतील, एवढीच चैन. स्लॅबच्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. मशीन घरघरत होतं, घमेली हातोहात वर जात होती. मी एकोणीस वर्षांचा. चहाची किटली घेऊन सळयांच्या जाळीवरून या टोकाचा त्या टोकाला फिरत होतो. पायाखाली सळया लवत होत्या, तारेच्या गाठी करकरत होत्या. तो आवाज मला अजून आठवतो.

तीन आठवड्यांनी सेंट्रिंग काढलं. छज्ज्याखालचे शेवटचे टेकू निघाले आणि छज्जा भिंतीपाशी तुटून खाली आला. टेकू काढणारा मजूर माझ्याच वयाचा होता. त्याचा पाय सापडला. जीव वाचला, पण तो पुढं कायम लंगडत राहिला. ठेकेदार म्हणाला, वाळू खराब. वाळूवाला म्हणाला, सिमेंट कमी. अब्बा काहीच बोलले नाहीत. औषधपाण्याचा खर्च त्यांनी केला, आणि तुटलेला छज्जा पुन्हा कधी काढला नाही.

आता तुम्हाला साडेतीनशे वर्षं मागं नेतो, इटलीत.

१६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयानं गॅलिलिओला दोषी ठरवलं तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. पृथ्वी फिरते हे म्हणणं त्यानं गुडघे टेकून मागं घेतलं. मग फ्लॉरेन्सबाहेर आर्चेत्री इथं, स्वतःच्याच घरात त्याला नजरकैदेत ठेवलं. १६३४ मध्ये त्याची लाडकी मुलगी वारली. डोळे अधू होत चालले होते. अशा दिवसांत त्यानं तरुणपणापासून मनात असलेला विषय पुन्हा हातात घेतला: वस्तू मोडते कशी? त्याचं काही छापायला मनाई होती, म्हणून हस्तलिखित हॉलंडमधल्या लायडेनला पोचलं आणि तिथं १६३८ साली ‘दोन नव्या शास्त्रां’वरचं पुस्तक निघालं. तोवर तो पुरता आंधळा झाला होता. त्या दोन शास्त्रांपैकी गतीचं शास्त्र जगाला माहीत आहे. दुसरं शास्त्र म्हणजे हेच, तुळईचं.

पुस्तकात एक चित्र आहे. पडकी भिंत, तिच्यावर उगवलेलं गवत, भिंतीतून बाहेर आलेला लाकडाचा वासा आणि वाशाच्या टोकाला आकड्यानं टांगलेलं वजन. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, हा तर आमचा छज्जा!

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. म्हणून भाषणात सांगितलं होतं तेच इथं सांगतो: मुलाचं जाडसर खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनानं उभ्या रेघा मारा. एक टोक चिमटीत घट्ट धरा आणि दुसरं बोटानं खाली दाबा. वरच्या कडेला रेघा एकमेकींपासून लांब जातात, खालच्या कडेला जवळ येतात. वर ताण, खाली दाब. मधोमध एक थर असा, की त्याला ताणही नाही, दाबही नाही. आता तेच रबर दोन पुस्तकांवर टेकवून मधे दाबा. सगळं उलटं होतं, खाली ताण आणि वर दाब. इमारत कितीही मोठी असो, तिच्या तुळयांचा हिशेब इथूनच सुरू होतो.

गॅलिलिओला हा मधला थर दिसला नाही. त्यानं धरलं की वासा खालच्या कडेवर बिजागरीसारखा फिरतो आणि वरपासून खालपर्यंत सगळं लाकूड सारख्याच ताणात असतं. त्यामुळं त्याच्या हिशेबात वाशाची ताकद खऱ्यापेक्षा तिप्पट आली. तिप्पट! त्या आकड्यावर कुणी घर बांधलं तर? पण गंमत अशी, की एक गोष्ट त्यानं अचूक सांगितली. वाशाची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, उंची दुप्पट केली तर चौपट. पट्टी आडवी धरली तर लवते, उभी धरली तर लवत नाही. आमचे सुतार तुळई उभी घालतात. त्यांनी गॅलिलिओ वाचलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

त्याच पुस्तकातला एक किस्सा मला कवितेइतका आवडतो. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांना दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. मधे मोडू नये म्हणून एका कारागिराला तिसरा ओंडका घालावासा वाटला. सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि तोही बरोबर त्या नव्या आधारावर. टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला होता. मधला मात्र टणक राहिला. मग अर्धा खांब अधांतरी लोंबला, छज्ज्यासारखा, आणि वरून तडकला. दोनच टेकू असते तर एक खचल्यावर खांब त्याच्याबरोबर खाली गेला असता, मोडला नसता. दोन टेकूंवर किती भार येतो ते साधं गणित सांगतं. तिसरा आला की कोणता टेकू किती खचला हेही विचारावं लागतं. घरात खचलेल्या तुळईखाली आपण बेधडक खांब ठोकतो, तेव्हा हे आठवावं.

तिपटीची चूक निस्तरायला दीडशे-दोनशे वर्षं लागली. १६७८ साली रॉबर्ट हूकनं सांगितलं की जितका ताण, तितकं लांबणं. व्हर्सायच्या पाण्याच्या नळांसाठी फ्रान्सच्या मारिओतनं लाकडाच्या आणि काचेच्या कांड्या मोडून पाहिल्या. खालचा भाग दबतो हे त्याला कळलं, पण आकडेमोडीत तोही घसरला. पारां नावाच्या गणितज्ञानं १७१३ साली बरंचसं बरोबर लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. (कवींना याचं दुःख समजेल.) १७७३ मध्ये कूलोंनं पॅरिसच्या अकादमीपुढं ताण आणि दाब यांचा जमाखर्च बरोबर मांडला. तो लष्करी इंजिनिअर होता, मार्तिनिक बेटावर किल्ला बांधताना घाम गाळून आलेला. आणि १८२६ साली नाव्हिएनं आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात हे सगळं इंजिनिअरांच्या हाती दिलं.

मग आलं काँक्रीट. काँक्रीट दाब झेलतं, ताण सोसत नाही. दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्यातच ते तडकतं. ताणासाठी लोखंड हवं. मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं १८६७ साली झाडांच्या कुंड्यांसाठी काँक्रीटमध्ये जाळी घालण्याचं पेटंट घेतलं. ही जाळी तो जाडीच्या मधोमध घालायचा, म्हणजे नेमकी जिथं ताण नाही तिथं! १८८६ मध्ये कोनेन या जर्मन इंजिनिअरनं हिशेबानं दाखवलं, की लोखंड ताणाच्या बाजूला हवं. दोन भिंतींमधल्या स्लॅबला खाली. छज्ज्याला वर.

छज्ज्याला वर. हे दोन शब्द १९८९ साली कुणी मला सांगितले असते तर!

ते मला पंधरा वर्षांनी कळले. एका कविसंमेलनात निवृत्त इंजिनिअर भेटले, घरी चहाला आले. दारावर भिंतीतून छज्ज्याचं तुटकं बूड अजून बाहेर आलेलं होतं. ते स्टुलावर चढले, गंजलेल्या सळयांची टोकं बोटानं चाचपली आणि म्हणाले, “पाच इंची छज्जा, आणि सळया तळाला. या खाली कुणी नेल्या?” मग त्यांनी समजावलं. फिटरनं त्या वरच बांधलेल्या असतात. स्लॅब ओतताना माणसं त्यांच्यावरून चालतात. खाली लोखंडी घोड्या नसतील तर सळया दबून तळाला जातात. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

मला किटली आठवली. करकर आठवली.

वाळूचा आणि सिमेंटचा दोष नव्हताच असं मी म्हणत नाही. माझ्याबरोबर आणखी आठ-दहा जण त्या जाळीवरून चालले होते, हेही खरं. मी अब्बांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बेटा, उभ्या धाग्याचा ताण कुठं असतो ते मला झोपेतही कळतं. चादर हातात घेतली की दोष कुठं आहे सांगेन. लोखंडाचा ताण मला कुणी दाखवलाच नाही.” त्या मजुराला शोधून मीही सांगून आलो. तो तेव्हा रसवंतीवर बसायचा. त्यानं ऐकून घेतलं, रस पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

गेल्या वर्षी पुतण्यानं घर बांधलं. गॅलरीचा स्लॅब होता. सळयांखाली घोड्या आहेत का ते मी वाकून पाहिलं, आणि जाण्यायेण्यासाठी सळयांना न टेकणाऱ्या लाकडी फळ्यांची वाट करून घेतली. टेकू काढायच्या दिवशी सांगितलं, आधी बाहेरच्या कडेचे काढा, भिंतीजवळचे शेवटी, आणि खाली कुणी उभं राहू नका. मिस्त्री हसून म्हणाला, “चाचा, तुम्ही इंजिनिअर होता काय?” मी खिशातून खोडरबर काढलं. त्यानं ते हातात घेतलं, वाकवून पाहिलं, पुन्हा वाकवलं, आणि वर चढून फिटरला हाक मारली.